बारगीर आणि त्याचा घोडा



वसंतातील व्याख्यानमालेचा एक ठरलेला नेम असतो. एक दिवस संतवाङ्मयाचा, एक इतिहासाचा, एक शेतीच्या अर्थकारणाचा. अशा पंक्तीत घोड्यावर बसणाऱ्या एका तरुणाचे पान आम्ही मांडणार असे कळल्यावर चालकांपैकी एका गृहस्थांनी आम्हांला बाजूला घेऊन विचारले, "म्हणजे शर्यतीवर बोलणार की काय?" त्यांची शंका रास्त होती. घोडा म्हटला की आपल्याला एक तर शर्यत आठवते, नाही तर लग्नाची वरात. आम्ही त्यांना सांगितले की, शर्यतीत जो घोडा पहिला आला तो जिंकला. तेथे प्रश्न मिटला. आम्ही ज्या स्पर्धेविषयी बोलणार आहोत तीत आधीच्या दोन परीक्षांत सर्वांच्या पुढे राहिलेला स्वार तिसऱ्या परीक्षेत एका लाकडी दांडीपायी मागे पडतो. असे एका भारतीय तरुणाच्या बाबतीत खरोखरच घडले. त्याचे नाव फवाद मिर्झा. तो बंगळूरचा. त्याची कारकीर्द आज आपल्यापुढे ठेवावी आणि ती ठेवताना एक प्रश्न आपल्याला विचारावा, एवढाच आमचा हेतू आहे.

घोड्याविषयी बोलायचे तर हे ठिकाण काही परके नाही. आपण नीरेच्या काठी बसलो आहोत. नदी ओलांडली की फलटण, आणि इकडे वर भीमेपर्यंतचा सारा मुलूख भीमथडीचा. भीमथडीच्या तट्टांना यमुनेचे पाणी पाजले, हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत असताना निबंधात एकदा तरी लिहिले असेल. ती तट्टे लहान चणीची, पण काटक; मिळेल तो कडबा खाऊन कोसच्या कोस चालणारी. फौजा गेल्या, पागा मोडल्या, आणि त्या तट्टांचा वंश शेवटी धनगरांच्या वाड्यांत उरला. दिवाळीनंतर मेंढरे कोकणाकडे निघतात, तेव्हा पाठीवर सारा संसार, त्यावर बांधलेली कोंबडी आणि कधी एखादे लेकरू घेऊन जी घोडी मुकाट्याने चालत असते, तिच्याकडे आपण क्वचितच निरखून पाहतो.

आम्ही लहानपणी एकदा निरखून पाहिले होते. शेतात मेंढरे बसवली होती, आणि धनगराच्या घोडीवर बसण्याचा हट्ट आम्ही धरला. म्हाताऱ्याने बसवले. आम्ही लगाम घट्ट आवळला, टाचा मारल्या, आणि पुढच्याच क्षणी बांधावरच्या बोरीच्या झुडुपात जाऊन पडलो. काटे काढता काढता म्हातारा म्हणाला, "लगाम तर धरलास, पर घोडीला जायचं कुठं ते सांगितलंच न्हाईस." पुढे या विद्येवरची पुस्तके वाचनात आली, तेव्हा त्या म्हाताऱ्याने सांगितले त्याहून फारसे निराळे काही त्यांत आढळले नाही.

आता दोन जुने शब्द आपल्याला आठवून द्यावेत, कारण पुढे त्यांचे काम पडणार आहे. शिवाजी महाराजांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. जो स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. ज्याच्याजवळ घोडा नसे, पण मांड पक्की असे, त्याला सरकारी पागेतून घोडा मिळे, तो बारगीर. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्या पंचविसांच्या दिमतीला एक पखालजी व एक नालबंद, अशी व्यवस्था सभासदाने लिहून ठेवली आहे. पाणी देणारा आणि नाल ठोकणारा यांचीही मोजदाद करणारा राज्यकर्ता मोठा व्यवहारी असला पाहिजे. घोडा एकट्या स्वाराच्या जोरावर पळत नाही, हे त्याला ठाऊक होते. आणि गरिबाच्या पोराला घोडा दिला की त्यातून स्वार निपजतो, हेही ठाऊक होते.

इव्हेंटिंग ही स्पर्धा मुळात फौजेतलीच. युरोपात तिला पूर्वी 'मिलिटरी' असेच म्हणत. पलटणीच्या घोड्याच्या अंगी तीन गुण हवेत: संचलनात तो आज्ञेत राहिला पाहिजे, मोहिमेत त्याने रानावनातून न थकता दौडले पाहिजे, आणि मोहिमेच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला ताजेतवाने उभे राहिले पाहिजे. या तीन गुणांच्या तीन परीक्षा बांधून ही स्पर्धा झाली, आणि १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये ती प्रथम खेळली गेली.

पहिली परीक्षा ड्रेसाजची. हिला घोड्याची कवायत म्हणावे. आखलेल्या चौकोनात घोडा ठरल्या जागी थांबतो, वळतो, तिरपा चालतो, चाल बदलतो. स्वाराने तोंडातून शब्द काढायचा नाही; बैठक, पाय आणि लगाम यांच्या सूक्ष्म खुणांनीच सारे सांगायचे. पंच प्रत्येक हालचालीला दहांपैकी गुण देतात. त्यांची टक्केवारी काढून शंभरातून वजा करतात, आणि उरेल तो आकडा स्वाराच्या डोक्यावर दंड म्हणून बसतो. म्हणजे या खेळात गुण मिळवायचे नसतात. कर्जाचा आकडा पहिल्या दिवशी ठरतो, आणि पुढे तो वाढू द्यायचा नाही, एवढेच हाती असते. आपल्यातील शेतकरी बांधवांना हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरी परीक्षा क्रॉसकंट्रीची, म्हणजे रानातल्या दौडीची. ओंडके, चर, पाण्याची डबकी, चढउतार, असे घट्ट रोवलेले अडथळे. घोडा आपटला तर अडथळा पडत नाही, घोडा पडतो. एकदा घोडा अडला की २० दंडगुण. नेमलेल्या वेळेपेक्षा जितके सेकंद उशीर, त्या प्रत्येकी ०.४ दंड. स्वार पडला तर स्पर्धा संपली. तिसरी परीक्षा शो जंपिंगची. येथे दांड्या अलगद ठेवलेल्या असतात आणि खुराचा स्पर्श झाला तरी खाली येतात. प्रत्येक दांडीला ४ दंड. या परीक्षेपूर्वी पशुवैद्य घोड्याला चालवून पाहतात. तो लंगडत असेल तर स्वाराचे सारे श्रम तेथेच थांबतात. आदल्या दिवशी बेधडक उड्या मारायला शिकवलेल्या घोड्याला दुसऱ्या दिवशी पाय आवरून, जपून उडी मारायला सांगायचे, यात या परीक्षेची खरी कठीणता आहे.

आणखी एक गोष्ट. ही विद्या फार दिवस साहेबलोकांनी आपल्यापाशीच ठेवली होती. १९४८ पर्यंत ऑलिंपिकच्या घोडेस्वारीत फौजेच्या माणसांपैकी कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्यांनाच प्रवेश असे. त्या वर्षी लंडनला स्वीडनच्या संघाने ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक जिंकले. पुढे असे उघडकीस आले की, त्यांच्यातील पेर्सन नावाचा स्वार मूळचा सार्जंट होता, आणि स्पर्धेपुरती त्याला बढती देण्यात आली होती. पदक काढून घेतले गेले. घोडा तोच, स्वार तोच, कसब तेच. कमी पडली ती खांद्यावरची एक पट्टी! १९५२ साली हा नियम गेला, साध्या नागरिकांनाही दार उघडले, आणि तोच पेर्सन सुवर्णपदक विजेत्या संघात पुन्हा उभा राहिला. १९६४ पासून या तीन परीक्षांच्या स्पर्धेत स्त्रियाही उतरू लागल्या. आज येथे स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या रांगा नाहीत. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या यूलिया क्रायेव्स्की या वैयक्तिक सुवर्ण जिंकणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या.

आपल्या देशात ही स्पर्धा फौजेनेच जगवली. १९५३ साली संस्थानी रिसाले एकत्र करून ६१ वी कॅव्हलरी ही घोडेस्वार पलटण ग्वाल्हेरला उभी राहिली, आणि शिंद्यांच्या ग्वाल्हेरचे स्वार तीत सामील झाले. या पलटणीतला राजस्थानचा एक दफेदार, रघुबीर सिंह, १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत 'शहजादा' नावाच्या घोड्यावर उतरला आणि इव्हेंटिंगचे वैयक्तिक सुवर्णपदक घेऊन गेला. रौप्य गुलाम मोहंमद खान यांनी आणि कांस्य प्रह्लाद सिंह यांनी जिंकले. सांघिक सुवर्णही भारताचेच. दफेदार म्हणजे अधिकारी नव्हे. १९४८ चा नियम असता तर त्याला दारातच अडवले असते. आपल्या जुन्या भाषेत सांगायचे तर तो बारगीर होता. घोडा पागेचा, दाणा पागेचा, नालबंद पागेचा. त्याची स्वतःची होती ती फक्त मांड. पुढे सरकारने त्याला पद्मश्री दिली. परंतु त्याच्यानंतर आशियाई स्पर्धेत या खेळाचे वैयक्तिक पदक भारतात यायला ३६ वर्षे लागली.

आणि येथे फवाद मिर्झाची गोष्ट सुरू होते.

६ मार्च १९९२ चा त्याचा जन्म. वडील हसनैन मिर्झा घोड्यांचे डॉक्टर. पाचव्या वर्षाच्या सुमारास पोरगा घोड्यावर बसू लागला. ज्या घरात घोड्याचा ताप, घोड्याचे पोट आणि घोड्याचा खूर हे जेवताना बोलायचे विषय असतात, तेथे मुलाला घोडा हे वाहन वाटत नाही. घरचे माणूस वाटते. पुढे शिक्षणासाठी तो इंग्लंडला नॉर्दॅम्प्टनच्या विद्यापीठात गेला आणि मानसशास्त्र व व्यवसाय हे विषय त्याने घेतले. २०१४ साली इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत तो भारताकडून उतरला आणि वैयक्तिक क्रमवारीत दहावा आला. दहावा क्रमांक वाईट नव्हे. पण दहाव्याला पदक नसते.

त्याच्याजवळ उणीव कसली होती? कसब होते, हिंमत होती. हवा होता तो वरच्या दर्जाचा घोडा आणि वरच्या दर्जाची शाळा. या दोन्ही गोष्टी युरोपात, आणि दोन्ही अतोनात खर्चाच्या. येथे बंगळूरच्या एम्बसी समूहाचे जितू विरवानी पुढे आले. त्यांची स्वारीची शाळा बंगळूरला होतीच. घोडे त्यांनी विकत घेतले, जर्मनीत ठेवले, आणि स्वार म्हणून फवादला त्यांवर बसवले. त्यांपैकी एकाचे नाव सेन्यर मेडिकॉट. आता पाहा, हा डॉक्टरांचा मुलगा, इंग्लंडात शिकलेला; तरी या घोड्यावर तो बसला तो बारगीर म्हणूनच. मोठ्यांतला मोठा स्वार घ्या. या खेळात शिलेदार विरळा. बहुतेकांच्या मांडीखालचा घोडा दुसऱ्याचा असतो.

सेन्यर मेडिकॉट पूर्वी जर्मनीच्या बेटिना हॉय या नामांकित स्वार स्त्रीच्या हाताखाली तयार झाला होता, आणि फवादलाही त्यांच्याकडून शिकायला मिळाले. या बाईंची हकीगत सांगण्याजोगी आहे. २००४ साली अथेन्सला त्या वैयक्तिक आणि सांघिक अशा दोन सुवर्णपदकांच्या उंबरठ्यावर होत्या. शेवटच्या उड्यांच्या फेरीत त्यांचा घोडा प्रारंभाची रेषा दोनदा ओलांडून गेला. घड्याळ पहिल्या ओलांडणीपासून धरायचे की दुसऱ्या, यावर वाद झाला, क्रीडा-लवादापर्यंत गेला, आणि दोन्ही सुवर्णपदके त्यांच्या हातून निसटली. अशा गुरूकडे शिकलेल्या शिष्याला, जमिनीवरच्या एका रेषेची किंमत काय असते, हे वेगळे सांगावे लागले नसेल.

ऑगस्ट २०१८, जाकार्ता. आशियाई स्पर्धा. पहिल्या परीक्षेत फवादच्या डोक्यावर दंड बसला २२.४०, म्हणजे पंचांनी त्याला सत्याहत्तर टक्क्यांवर गुण दिले. सर्वांत चांगली कवायत त्याचीच. दुसऱ्या परीक्षेत रानातून दौड. एकही अडथळा चुकला नाही, वेळही चुकली नाही. आकडा तसाच, २२.४०. मागे जपानचे योशिआकी ओइवा, २२.७० वर. चीनचे हुआ तियान त्यांच्याही मागे. दोघे मोठ्या स्पर्धांत मुरलेले. अंतर किती? ०.३०. दौडीत एका सेकंदाच्या उशिराला ०.४० दंड पडतो, हे आपण पाहिले. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्यात एका सेकंदाइतकेही अंतर नव्हते.

तिसरी परीक्षा. ओइवा यांचा आकडा २२.७० वरच राहिला. फवादच्या घोड्याच्या फेरीत एक दांडी खाली आली. एकच. चार दंड. २२.४० चे २६.४० झाले, आणि सुवर्णाचे रौप्य झाले. तियान २७.१० वर. आणखी एक दांडी पडली असती तर रौप्यही गेले असते. पण एक दांडी पडल्यानंतर जो स्वार बिथरत नाही, जो घोड्याच्या तोंडाला हिसका देत नाही, उरलेल्या उड्या शांतपणे पार पाडतो, त्याची खरी परीक्षा तेथे असते, आणि तीत फवाद उत्तीर्ण झाला. ३६ वर्षांनी वैयक्तिक पदक आले. राकेश कुमार, आशिष मलिक आणि जितेंदर सिंह यांच्या जोडीने सांघिक रौप्यही आले. २०१९ साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

येथे गोष्ट संपवली तर ती फार सोपी होईल. घोडा हे यंत्र नव्हे. सेन्यर मेडिकॉटला दुखापत झाली आणि २०१९ चा हंगाम त्याच्याविना काढावा लागला. कारखान्याच्या पट्टीवर उभे राहून गळिताच्या दिवसांत इंजिन बिघडले तर काय होते, हे या भागात आम्ही सांगायला नको. पण इंजिनाला नवा भाग बसतो. घोड्याच्या पायाला वेळच द्यावा लागतो. फवादने पागेतले दुसरे दोन घोडे, टचिंगवुड आणि फर्नहिल फेसटाइम, यांच्यावर युरोपच्या स्पर्धांतून एकेक गुण जमवला आणि आपल्या भूविभागाच्या यादीत पहिला येऊन टोकियोची जागा पटकावली. त्या दोन घोड्यांची नावे वर्तमानपत्रांत फारशी झळकली नाहीत. त्यांच्याविना मात्र टोकियो नव्हते. याच काळात जर्मनीतील सांड्रा आउफार्थ यांच्या पागेत त्याचे शिक्षण चालले होते. सारा दिवस तबेल्यात. खरारा, रपेट, पुन्हा खरारा. साथीने जग बंद पडले, ऑलिंपिक वर्षभर पुढे गेले, आणि त्या वर्षात मेडिकॉटचा पाय बरा झाला. फवादने आधी दजारा नावाच्या घोडीचे नाव दिले होते. जुलै २०२१ मध्ये ते बदलून त्याने आपल्या जुन्या सोबत्याचे दिले.

टोकियोत कवायतीत दंड २८.००, क्रमांक नववा. जगातल्या उत्तमांत नववा! दौडीला नेमलेला वेळ ७ मिनिटे ४५ सेकंद. याला लागली ८ मिनिटे १३ सेकंद. अठ्ठावीस सेकंदांचे ११.२० दंड, आणि क्रमांक घसरून बाविसावा. या दौडीच्या दिवशीच एका स्विस स्वाराच्या 'जेट सेट' नावाच्या घोड्याच्या पायाचा बंध शेवटच्या टप्प्यात तुटला आणि त्याला कायमचे निजवावे लागले. तेव्हा अठ्ठावीस सेकंद का गेले असे विचारण्यापूर्वी हेही आठवावे की, दुखण्यातून उठलेला घोडा त्या रानातून धडधाकट बाहेर आला होता. दुसऱ्या दिवशी, २ ऑगस्टला, उड्यांत दोन दांड्या पडल्या, ८ दंड. पहिल्या २५ जणांना अंतिम फेरी. फवाद बरोबर पंचविसावा. त्या खेळात उड्यांच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचलेला तो पहिला भारतीय. शेवटी तीन दांड्या आणि एका सेकंदाचा उशीर, एकूण ५९.६०, आणि क्रमांक तेविसावा.

त्याच्या आधी एकवीस वर्षांपूर्वी, २००० साली सिडनीला, आपल्या मुंबईचे इम्तियाझ अनीस 'स्प्रिंग इनव्हेडर' घोड्यावर एकटेच गेले होते, आणि तेही तेविसावेच आले होते. त्यांच्या आधी १९९६ मध्ये अटलांटाला इंद्रजित लांबा, आणि त्याही आधी १९८० ला मॉस्कोत भारताचा संघ. ऐंशी, शहाण्णव, दोन हजार, एकवीस. या सनांच्या मधली अंतरे पाहिली म्हणजे लक्षात येते की, आपल्याकडे स्वार निपजतात, पण परंपरा निपजत नाही. प्रत्येकाला विहीर नव्याने खणावी लागते.

अलीकडे मात्र काही आशा वाटावी असे घडले आहे, आणि तेही आपल्या भाषेच्या माणसांकडून. २०२३ च्या हांगझौच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या इव्हेंटिंगच्या तिघांत दोन नावे मराठी होती: मेजर अपूर्व दाभाडे आणि आशीष लिमये. त्यांपैकी लिमये यांनी २०२५ च्या अखेरीस थायलंडमध्ये पटाया येथे आशियाई अश्वारोहण स्पर्धेत 'विली बी डन' या घोड्यावर इव्हेंटिंगचे वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले. फवादच्या हातून एका दांडीने निसटले होते तसले सुवर्ण एका मराठी स्वाराने आणले, हे या व्यासपीठावरून सांगताना आम्हांला आनंद होतो. तो लपवण्याचे कारण नाही.

पण आनंदाच्या भरात प्रश्न विसरू नये. तो प्रश्न असा: घोडा कोण देणार? रघुबीर सिंहांना फौजेने दिला. फवादला एका उद्योगपतीने दिला. हे दोन्ही दाते धन्य होत. पण या नीरेच्या काठी, ज्याची मांड उपजत पक्की आहे, जो सात-आठ वर्षांचा असताना वाड्याची घोडी पाणी पाजायला एकटा नेतो, अशा धनगराच्या पोराला कोण देणार? त्याचे घोडे अडते ते कसबापाशी नव्हे, पागेपाशी.

यावर कोणी म्हणेल, पैसा नाही म्हणून अडते. ते खरे, पण सारे खरे नव्हे. एक अडचण रोगराईचीही होती. आपल्याकडील घोडा युरोपात न्यायचा तर ग्लँडर्ससारख्या रोगांमुळे तिकडचे निर्बंध फार कडक. म्हणून भारतीय स्वाराने परदेशी जायचे, परदेशी घोडा घ्यायचा, परदेशीच राहायचे, हा एकच मार्ग उरला होता. इथल्या मातीत वाढलेला घोडा इथेच राहिला. जुलै २०२५ मध्ये मेरठ छावणीतील रिमाउंट आणि पशुवैद्यक दलाच्या केंद्राला, घोड्यांच्या रोगांपासून मुक्त असा देशातील पहिला विभाग म्हणून आंतरराष्ट्रीय पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. म्हणजे दार किलकिले झाले आहे. शिवकाळी पंचवीस स्वारांमागे एक नालबंद नेमला होता. आपण स्वतंत्र झाल्यापासून एवढी वर्षे घोड्याच्या आरोग्याचा दाखला मिळवण्यात घालवली. असो.

दुसरी गोष्ट आपल्या अंगणातली. २०२४ साली आपला भीमथडी घोडा ही स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदीत आली. काठेवाडी, मारवाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, भुतिया, स्पिती, झंस्कारी या सातांनंतर ती देशातील आठवी. तिच्यासाठी बारामतीच्या बाजूच्या मंडळींनी बरीच खटपट केली. आता आम्ही भलते काही सांगणार नाही. भीमथडीचे तट्टू ऑलिंपिकच्या उंच दांड्या ओलांडील, असे आमचे म्हणणे नाही. त्याची चण त्यासाठी नाही. पण मुलाची पहिली मांड बसते ती लहान घोड्यावर. शांत, काटक, थोड्या दाण्यावर राहणारे आणि घरच्या माणसांत वाढलेले तट्टू हा पोराचा पहिला गुरू व्हायला सर्वांत योग्य. विदेशांत मुले लहान जातीच्या घोड्यांवरच शिकतात. ज्या मुलखात असे तट्टू नोंदीला लागले, तेथे शाळेच्या पटांगणावर आठवड्यातून दोन दिवस ते दहा मुलांना फिरवण्यास काय अडचण आहे? त्यासाठी जर्मनीला जावे लागत नाही. एक जाणता धनगर, एक पशुवैद्य, आणि दाण्याची सोय, एवढ्यावर पागा सुरू होते. दहांतून एखादा फौजेच्या पागेपर्यंत जाईल. तेथून पुढे कोठे जाईल, कोणी सांगावे?

आम्ही फवाद मिर्झाची कारकीर्द निवडली ती तो पहिला आला म्हणून नव्हे. आशियात तो दुसरा आला, जगात तेविसावा. पण एका दांडीने सोने गेल्यावर, घोडा दुखावल्यावर, साथीने जग बंद पडल्यावर तो रोज सकाळी तबेल्यात जात राहिला; आणि त्याला रोज सकाळी जायला तबेला होता. या वाक्याचा पहिला भाग स्वाराच्या हातचा आहे. दुसरा समाजाच्या हातचा.

लहानपणी आपल्याला एक कोडे घालत असत, ते येथल्या आजीबाईंना ठाऊक असेल. भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला? तिन्हींचे उत्तर एकच: न फिरवल्यामुळे. भीमथडीचा घोडा आपण दीडशे-दोनशे वर्षे फिरवला नाही. तो अडला आहे, मेलेला नाही. उद्या सकाळी रस्त्याने वाडा जाताना दिसला तर एकदा थांबून त्या घोडीकडे पाहावे, आणि तिच्या शेजारून चालणाऱ्या पोराकडेही पाहावे, एवढी विनंती आहे.